भावाच्या उशाशी गेलेले बालपण

घरात कोणी गंभीर आजारी पडले, की त्या घराचे घड्याळच बदलते. औषधांच्या वेळा, डॉक्टरांच्या फेऱ्या आणि रात्रीची जागरणे यांभोवती सारे घर फिरू लागते. येणारा-जाणारा प्रत्येक जण आजाऱ्याची विचारपूस करतो. अशा घरात पुष्कळदा एक धडधाकट मूलही असते. ते शाळेत जाते, हाक मारली की येते, सांगितलेले काम निमूटपणे करते. त्याला काही झालेले नसते, म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्षही नसते. समजूतदार म्हणून त्याचे कौतुक होते आणि त्या कौतुकातच त्याचे बालपण केव्हा संपले, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

अमेरिकन रेडक्रॉसची संस्थापिका क्लारा बार्टन ही अशीच एक मुलगी होती. अमेरिकेच्या यादवी युद्धात जखमी सैनिकांची सेवा करणारी, युद्धभूमीची देवदूत म्हणून ओळखली गेलेली क्लारा इतिहासाच्या पुस्तकांतून सर्वांना भेटते. परंतु तिच्या सेवेची पहिली जागा रणांगण नव्हते. ती होती मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका शेतघरातली आजाऱ्याची खोली. तिथे ती गेली तेव्हा तिचे वय होते अवघे अकरा वर्षे.

क्लारिसा हार्लो बार्टन हिचा जन्म २५ डिसेंबर १८२१ रोजी मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थ ऑक्सफर्ड येथे झाला. वडील स्टीफन बार्टन हे शेतकरी. तरुणपणी त्यांनी सैन्यात चाकरी केली होती आणि गावात त्यांना कॅप्टन म्हणूनच ओळखत. आई सेरा कष्टाळू, काटकसरी, पण स्वभावाने तापट. डोरोथिया, स्टीफन, डेव्हिड आणि सॅली ही चार भावंडे क्लारापेक्षा पुष्कळच मोठी. तिच्या सर्वांत जवळची बहीण सॅली, तीही दहा वर्षांनी मोठी. त्यामुळे क्लाराला भावंडे होती, पण सवंगडी नव्हते. घरातील प्रत्येक जण तिचा शिक्षक होता. बहिणींनी तिला वाचायला शिकविले, स्टीफनने गणित शिकविले, तर डेव्हिडने तिला घोड्यावर बसविले. पाचव्या वर्षी ती खोगिराविना घोडा दौडवू लागली होती. वडील तिला लढायांच्या गोष्टी सांगत. सेनापतींची नावे, सैन्याच्या रचना, कूच आणि माघार यांचे पाठ तिने खेळता खेळता गिरविले.

या भरल्या घरावर पहिले सावट आले ते क्लारा सहा वर्षांची असताना. थोरली बहीण डोरोथिया, म्हणजे घरातली डॉली, मोठी हुशार, वाचनाची आवड असलेली मुलगी होती. तिचे मानसिक संतुलन ढासळले आणि ते पुन्हा कधीच सावरले नाही. मनाच्या आजारावर त्या काळी उपचार असा नव्हताच. अशा माणसाला घरात कोंडून ठेवणे हाच मार्ग बहुतेक कुटुंबे पत्करीत, आणि बार्टन कुटुंबानेही तोच पत्करला. जिने आपल्याला अक्षरे शिकविली, ती बहीण बंद दाराआड दिवस कंठते आहे, हे क्लारा रोज पाहत होती. डॉलीचा मृत्यू १८४६ साली झाला. जवळजवळ वीस वर्षे त्या घरात एक दार बंद राहिले. पुढे आपल्या बालपणाविषयी बरेच काही लिहिणाऱ्या क्लाराने बहिणीच्या या आजाराविषयी मात्र फारसे बोलणे टाळले. जे दुःख घरात कोणीच बोलून दाखवत नाही, ते मुलेही बोलून दाखवत नाहीत. त्या वयात ती घरच्यांकडून मौनही शिकत असतात.

क्लारा विलक्षण भित्री आणि लाजाळू झाली. अनोळखी माणसासमोर तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. लाज मोडावी म्हणून तिला एका निवासी शाळेत धाडण्यात आले. तिथे तिचे जेवणखाण सुटले आणि अखेर तिला घरी परत आणावे लागले. घरच्यांना तिच्या भित्रेपणाची काळजी वाटे, पण त्यामागे काय आहे हे विचारण्याची तेव्हा पद्धत नव्हती.

आणि मग १८३२ साली डेव्हिड पडला.

गावात नवे कोठार उभे राहायचे असले, की आसपासचे लोक एकत्र येऊन त्याचा लाकडी सांगाडा चढवीत. उंचावरचे जोखमीचे काम बहुधा डेव्हिडकडे येई. चोवीस वर्षांचा तो तरुण धाडसी होता. घोडेस्वारीत तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्या दिवशी कोठाराच्या छपराजवळून त्याचा पाय सुटला आणि तो खाली आला. प्रथमदर्शनी त्याला काही इजा झालेली दिसत नव्हती. तो उठला आणि पुन्हा कामाला लागला. पण थोड्याच दिवसांत त्याचे डोके दुखू लागले, ताप चढला आणि त्याने अंथरूण धरले. ताप उतरण्याचे नाव घेईना. गावातला सर्वांत धट्टाकट्टा तरुण पाहता पाहता पांगळा झाला.

डेव्हिड हा क्लाराचा सर्वांत आवडता भाऊ. ती त्याच्या खोलीत गेली आणि तिथून हललीच नाही. औषध द्यायचे तर तिनेच, उशी सारखी करायची तर तिनेच, असा क्रम पडून गेला. तापाने बेजार झालेला डेव्हिडही दुसऱ्या कोणाला जवळ येऊ देईना. त्या काळातील वैद्यकीय समजुतीनुसार ताप हा रक्त वाढल्याचा परिणाम मानला जाई आणि रक्त काढणे हाच त्यावरचा मुख्य इलाज होता. डॉक्टरांनी जळवा लावायला सांगितले. अकरा वर्षांची मुलगी बुळबुळीत, वळवळणाऱ्या जळवा हातात धरून भावाच्या अंगाला लावायला शिकली. ज्या मुलीला परक्या माणसासमोर उभे राहण्याची भीती वाटे, तिला या कामात मात्र किळस वाटली नाही की भीती वाटली नाही. निदान तसे तिने कोणाला दिसू दिले नाही.

आठवडे गेले, महिने गेले. क्लाराची शाळा सुटली, घोडेस्वारी सुटली, मोकळ्या रानात भटकणे सुटले. दोन वर्षांच्या काळात ती भावापासून क्वचितच दूर गेली. आईवडिलांनी तिला बाहेर धाडण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. पण ती गेली की डेव्हिड अस्वस्थ होई आणि तो अस्वस्थ झाला की तीही अस्वस्थ होई. शिवाय तिच्या तिथे असण्याने सर्वांचीच सोय होत होती. थकलेल्या आईला आधार मिळत होता, वडिलांना शेतीकडे पाहता येत होते. आजारी माणसाच्या घरी एखादे मूल स्वतःहून जबाबदारी उचलते, तेव्हा ती त्याच्या हातून काढून घेणे मोठ्यांनाही जड जाते.

सगळे डॉक्टर थकल्यावर वाफेचे उपचार करणाऱ्या एका नव्या पंथाच्या वैद्याचे नाव पुढे आले. रक्त काढणे, जळवा लावणे हे सारे बंद झाले. वाफारे, विश्रांती आणि खाणेपिणे यांवर भर देण्यात आला. काही आठवड्यांतच डेव्हिडला उतार पडला आणि पुढे तो पूर्ण बरा झाला. आजच्या वैद्यकाच्या नजरेने पाहता, त्याला दुबळे ठेवण्यात त्या जळवांचाही वाटा असावा असे वाटते. म्हणजे ज्या निष्ठेने त्या मुलीने उपचार केले, त्या उपचारांनीच कदाचित भावाचे दुखणे लांबले. आपल्या हातून झालेल्या या शुश्रूषेची ही बाजू मनाला बोचणारी आहे. पण सांगितलेले तंतोतंत करणे याखेरीज अकरा वर्षांच्या मुलीला दुसरे काय करता येणार होते?

डेव्हिड बरा झाला, घरात आनंदीआनंद झाला. पण क्लाराचे काय? दोन वर्षांत तिची उंची वाढलीच नाही, हे आता घरच्यांच्या लक्षात आले. मोठेपणीही ती जेमतेम पाच फुटांची राहिली. तिचा लाजाळूपणा कमी होण्याऐवजी वाढला होता. स्वतःसाठी काही मागणे तिला अशक्य होऊन बसले होते. हातमोजे फाटले तर नवे मागण्याऐवजी ती उघड्या हातांनी चर्चला जाई. आजाऱ्यासाठी मध्यरात्री उठणाऱ्या या मुलीला स्वतःची साधी गरज सांगता येत नव्हती. आणि सर्वांत विचित्र गोष्ट म्हणजे तिला रिकामे रिकामे वाटत होते. भावाच्या खोलीबाहेर आपले काय काम, हे तिला कळेनासे झाले होते.

क्लाराच्या साऱ्या आयुष्याची किल्ली या रिकामेपणात आहे. एका अनुभवाने माणसाचे अवघे आयुष्य ठरते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तिच्यामागे वडिलांचे संस्कार होते, तो काळ होता, तिची स्वतःची प्रखर बुद्धी होती. तरीही पुढच्या सत्तर वर्षांत एकच क्रम पुन:पुन्हा दिसतो. कोणीतरी संकटात आहे, आपली गरज आहे असे कळले की ती वाघिणीसारखी उभी राही. ती गरज संपली की ती कोसळे.

मुलीच्या लाजाळूपणावर उपाय विचारण्यासाठी बार्टन दांपत्याने लोरेन्झो फाउलर या पाहुण्याचा सल्ला घेतला. कवटीच्या आकारावरून स्वभाव सांगणारा हा गृहस्थ तेव्हा प्रसिद्ध होता. त्याचे शास्त्र पुढे खोटे ठरले, पण सल्ला उपयोगी पडला. ही मुलगी स्वतःसाठी कधी भांडणार नाही, दुसऱ्यांसाठी भांडेल, तेव्हा तिच्यावर जबाबदारी टाका, तिला शिक्षिका करा, असे त्याने सुचविले. वयाच्या सतराव्या वर्षी, १८३९ साली, क्लारा शिकवू लागली. आडदांड मुलांना तिने छडीविना, त्यांच्याबरोबर मैदानात खेळून आपलेसे केले. १८५२ साली न्यू जर्सीतील बोर्डनटाउन येथे तिने मोफत सार्वजनिक शाळा सुरू केली. शाळा भरभराटीस आली, विद्यार्थ्यांची संख्या शेकड्यांत गेली, नवी इमारत उभी राहिली आणि मुख्याध्यापकपदी मात्र एका पुरुषाची नेमणूक झाली. तिला दुय्यम स्थान आणि कमी पगार मिळाला. ती आतून खचली, तिचा आवाजच बसला. नोकरी सोडून ती वॉशिंग्टनला गेली आणि १८५४ साली पेटंट कार्यालयात कारकून झाली. सरकारी कचेरीत पुरुषांइतक्या वेतनावर काम करणाऱ्या सुरुवातीच्या स्त्रियांपैकी ती एक.

एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. मॅसॅच्युसेट्सच्या सहाव्या पलटणीवर बाल्टिमोरमध्ये जमावाने हल्ला केला आणि जखमी सैनिक वॉशिंग्टनला पोहोचले. त्यांत क्लाराच्या गावाकडची मुले होती, काही तर तिचे विद्यार्थीच होते. घरातील चादरी फाडून तिने पट्ट्या केल्या, स्वतःच्या पैशाने खाद्यपदार्थ आणले. पण तिला रणांगणावर जायचे होते, आणि ती जागा स्त्रियांची नाही असे सर्वांचे मत होते. वडिलांचा मृत्यू मार्च १८६२ मध्ये झाला. त्यांच्या अखेरच्या आजारात ती त्यांच्या उशाशी होती आणि जाण्यापूर्वी वडिलांनी तिला रणांगणावर जाण्यास संमती दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लष्कराची परवानगी मिळाली आणि सामानाने भरलेल्या गाड्या घेऊन ती आघाडीवर पोहोचली.

१७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटिएटम येथे झालेली लढाई ही अमेरिकेच्या इतिहासातील सर्वांत रक्तरंजित एका दिवसाची लढाई. डॉक्टरांजवळ मलमपट्टीचे सामान संपले होते, जखमांवर मक्याची पाने बांधण्याची वेळ आली होती. अशा वेळी क्लाराची गाडी तिथे पोहोचली. एका जखमी सैनिकाला ती पाणी पाजत असताना एक गोळी तिच्या बाहीतून आरपार गेली आणि त्या सैनिकाचा प्राण घेऊन गेली. दुसऱ्या एकाच्या गालात रुतलेली गोळी तिने खिशातल्या चाकूने काढली. तिने परिचर्येचे शिक्षण कोठेही घेतले नव्हते. जे काही शिक्षण होते, ते डेव्हिडच्या खोलीतले.

योगायोग असा, की १८६३ साली साउथ कॅरोलायनातील हिल्टन हेड येथे सैन्याच्या पुरवठा विभागात नेमणूक झालेल्या डेव्हिडसोबतच ती गेली. ज्याला तिने मरणाच्या दारातून परत आणले, तो भाऊ आता तिच्या सोबतीला होता. थोरला भाऊ स्टीफन मात्र दैववान ठरला नाही. तो दक्षिणेकडील नॉर्थ कॅरोलायनात स्थायिक झाला होता. युद्धात उत्तरेच्या सैन्याच्या हाती तो कैदी म्हणून सापडला, तोही आजारी अवस्थेत. क्लाराने खटपट करून त्याला सोडविले आणि त्याची शुश्रूषा केली. परंतु मार्च १८६५ मध्ये तो गेला. हजारो परक्यांना जगविणाऱ्या बहिणीला आपला भाऊ वाचविता आला नाही.

युद्ध संपले, पण क्लाराच्या हाताला आणखी एक काम लागले. हजारो सैनिक बेपत्ता होते. वॉशिंग्टनमधील आपल्या बिऱ्हाडातच तिने बेपत्ता सैनिकांच्या शोधाचे कार्यालय चालविले. १८६८ पर्यंत तिथे ६३ हजारांहून अधिक पत्रे आली आणि २२ हजारांहून अधिक सैनिकांचे काय झाले, हे त्यांच्या घरच्यांना कळू शकले. जॉर्जियातील अँडरसनव्हिल येथील युद्धकैद्यांच्या छावणीत मेलेल्या सुमारे १३ हजार सैनिकांच्या थडग्यांवर नावे लावण्याच्या मोहिमेतही ती होती. रणांगणावर तिने जखमींची सेवा केली. या कार्यालयात तिने सेवा केली ती धडधाकट माणसांची, म्हणजे घरी वाट पाहत बसलेल्या आया, बायका आणि भावंडांची. त्यांनाही जखम असते, हे कोणी ओळखले असेल तर ते तिनेच.

ते काम आटोपत आले आणि व्याख्यान देताना तिचा आवाज पुन्हा गेला. डॉक्टरांनी विश्रांतीसाठी तिला १८६९ साली युरोपला धाडले. जिनिव्हा येथे तिला रेडक्रॉसची माहिती मिळाली. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध सुरू झाले आणि विश्रांतीला आलेली ही बाई स्ट्रासबर्गच्या उद्ध्वस्त रस्त्यांवर कामाला लागली. तिथल्या निराधार स्त्रियांना नुसते अन्न न देता तिने शिवणकाम दिले आणि त्याचा मोबदला दिला. १८७३ साली ती मायदेशी परतली. पुढच्याच वर्षी बहीण सॅली वारली आणि क्लारा पुन्हा अंथरुणाला खिळली. आता शुश्रूषेची गरज तिलाच होती आणि तीच गोष्ट तिला सर्वांत अवघड वाटे. १८७६ पासून न्यूयॉर्क राज्यातील डॅन्सव्हिल येथे एका आरोग्यधामाच्या आश्रयाने ती हळूहळू सावरली.

सावरली तीही एका नव्या कामाच्या ओढीने. २१ मे १८८१ रोजी अमेरिकन रेडक्रॉसची स्थापना झाली आणि १८८२ साली अमेरिकेने जिनिव्हा कराराला मान्यता दिली. युद्धाखेरीज पूर, आग, दुष्काळ अशा आपत्तींतही रेडक्रॉसने धावून जावे, ही तिचीच दृष्टी. १८८९ साली पेनसिल्व्हेनियातील जॉन्सटाउन येथे धरण फुटून दोन हजारांहून अधिक माणसे दगावली, तेव्हा ६७ वर्षांची क्लारा तिथे महिनोन्महिने मुक्काम ठोकून राहिली. १९०० साली टेक्सासमधील गॅल्व्हस्टन शहर वादळाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा तिचे वय ७८ होते. डेव्हिडचा मुलगा स्टीफन हाही रेडक्रॉसच्या कार्यात तिचा सहकारी होता.

या गुणाची दुसरी बाजूही होती. दुसऱ्याच्या हाती काम सोपविणे तिला जमत नसे. हिशेब आणि कारभार यांवरून संस्थेत टीका वाढली आणि १९०४ साली तिला अध्यक्षपद सोडावे लागले. संस्था मोठी झाली होती, तिला व्यवस्थेची गरज होती. क्लारा मात्र अजूनही एकट्याने उशाशी बसणाऱ्या मुलीसारखी काम करीत होती. आपण क्षणभर बाजूला झालो तर आजाऱ्याचे काय होईल, ही धास्ती तिला बालपणापासून सोडून गेलीच नव्हती. पद सुटल्यावरही ती स्वस्थ बसली नाही. १९०५ साली तिने प्रथमोपचाराचा प्रसार करणारी नवी संघटना उभी केली.

शाळकरी मुले तिला पत्रे लिहून तिच्या लहानपणाविषयी विचारीत. त्यांच्यासाठी तिने आपल्या बालपणाची कहाणी लिहिली आणि १९०७ साली, वयाच्या ८५व्या वर्षी, ती प्रसिद्ध झाली. युद्धे, पूर, राजेमहाराजांची सन्मानपदके एवढे सारे पाठीशी असताना या म्हातारीने लिहिण्यासाठी निवडले ते शेतघर, ते घोडे आणि डेव्हिडची ती खोली. १२ एप्रिल १९१२ रोजी मेरीलँडमधील ग्लेन एको येथे तिचा मृत्यू झाला. तिचे दफन नॉर्थ ऑक्सफर्डला, आपल्या माणसांच्या शेजारी करण्यात आले.

क्लाराचे चरित्र वाचताना तिच्या त्यागापुढे मान लवते, आणि ती लवायलाच हवी. मात्र तिची थोरवी सांगताना, घरातील दुखण्याने मुले मोठी होतात, कणखर होतात, असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह टाळलेला बरा. आजारी भावंडाच्या सावलीत वाढणारे प्रत्येक मूल रेडक्रॉस काढत नाही. पण फाटके हातमोजे लपविणारी मुले पुष्कळ असतात. दीर्घ आजार असलेल्या मुलाच्या भावंडांकडेही लक्ष द्यायला हवे, हे आता बालरोगाच्या क्षेत्रात मान्य झाले आहे. आजार काय आहे हे त्यांना त्यांच्या वयाला समजेल अशा शब्दांत सांगावे, त्यांची शाळा आणि खेळ शक्यतो चालू ठेवावेत, दिवसातला थोडा वेळ निव्वळ त्यांच्यासाठी राखावा, एवढ्या साध्या गोष्टी त्यासाठी पुरतात.

नॉर्थ ऑक्सफर्डच्या त्या शेतघरात दोन वर्षे प्रत्येक जण डेव्हिड कसा आहे हे विचारीत आला आणि गेला. जिना चढून आलेल्या पाहुण्यांपैकी एखाद्याने तरी कोपऱ्यात जळवांचे भांडे घेऊन उभ्या असलेल्या मुलीला, ती कशी आहे, असे विचारायला हवे होते. आजाऱ्याला भेटायला जाताना हा एक प्रश्न आपण बरोबर नेला, तर त्या घरातील दुसऱ्या मुलाला तो फळांच्या परडीपेक्षा अधिक मोलाचा वाटेल.